गेटवरचा लाल स्टिकर

"हसा ना ताई. तोंड पाडलं तर लोकांना वाटेल आम्ही बळजबरी करतोय."

एचआरच्या मॅडमनी मला तिसऱ्यांदा हसायला लावलं. माझ्या हातात सॅनिटरी पॅडचं पाकीट. त्याचं दुसरं टोक मोठ्या साहेबांच्या हातात. मॅडम मोबाईलवर शूटिंग घेत होत्या. मागं आम्ही ठेक्यावरच्या वीस-बावीस बाया रांगेत. पाकीट घ्यायचं, हसायचं, 'थँक्यू सर' म्हणायचं. माझं थँक्यू बारीक आलं म्हणून परत घेतलं.

मेडिकलवाला ते पाकीट कागदात गुंडाळून देतो. एवढी लाज त्याला असते. ह्या शिकलेल्या लोकांनी मला ते छातीशी धरून जगाला दाखवायला लावलं.

चाकणची कंपनी. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट निघतात. मी लातूरकडची, भोसरीत खोली करून राहते. मी आणि माझी सातवीतली पोरगी. हे कामही मला मोबाईलनंच दिलं, आमच्या भागातल्या बायांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरतीचा मेसेज आला होता. मी मोबाईलला शिव्या देणारी बाई नाही. धपाट्यांचे व्हिडिओ मी स्वतः टाकते. गावाकडं आई ते बघते आणि फोन करून सांगते, मीठ कमी दिसतंय. बघून मीठ कसं दिसतं, देव जाणे. पण तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पेजवर व्हिडिओ आला. माझं नाव, गाव, सगळं लिहून. वर ओळ: 'आमच्या गरजू भगिनींच्या चेहऱ्यावरचं हसू.' गरजू म्हणे. आठ तास मशीनपाशी उभी राहते मी, तेव्हा तुमचा पार्ट बाहेर पडतो.

पोरीच्या वर्गातल्या पोरांनी तो ग्रुपवर फिरवला. पोरगी आली, दप्तर टाकलं, म्हणाली, "मम्मी, मी शाळेत जाणार नाही." आणि खरंच गेली नाही.

मी मॅडमकडं गेले. व्हिडिओ पेजवरून काढून टाका म्हणाले. त्यांनी लॅपटॉपवरून मानसुद्धा वर केली नाही. "जॉइन होताना सही केलीय तुम्ही. आणि तुम्ही स्वतः रील टाकता की. तेव्हा नाही लाज वाटत?"

मी मशीनपाशी परत आले. तशी परत आल्याची मला आजही चीड येते.

सही केली होती, खरंय. इंग्रजी कागद. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, इथं, इथं आणि इथं. आता घरी तो कागद काढला, मोबाईलनं त्याचा फोटो घेतला, पोरीनं त्यावरच मराठी करून वाचून दाखवलं. माझे फोटो, व्हिडिओ कंपनी कुठंही, कितीही दिवस वापरणार. अरे, धपाट्यांचा व्हिडिओ मी टाकते तेव्हा काय दाखवायचं ते मी ठरवते. मागची भिंतसुद्धा. पोरीचा चेहरा मी कधी टाकला नाही. एवढी अक्कल नववी नापास बाईला आहे.

आमच्याकडं एक पद्धत होती. गेटवर वॉचमन प्रत्येक कामगाराच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवायचा. आतल्या साच्यांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. सुटताना तपासून मगच काढायचा. उचकटलेला दिसला की काम गेलं. लोखंडाच्या साच्याची ही इज्जत. ऑफिसवाल्यांच्या मोबाईलला मात्र स्टिकर नसायचा.

पुढच्या महिन्यात रक्त तपासणी ठेवली. नाव आणि हिमोग्लोबिन लिहिलेली पाटी धरून कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं. पहिला नंबर माझा.

मी पाटी खाली ठेवली. मोबाईल काढला. स्टिकर उचकटला आणि मॅडमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर दाबून चिकटवला.

"मॅडम, आत शूटिंगला बंदी आहे. गेटवर लिहिलंय."

माझा कॅमेरा आता उघडा झाला होता. तो त्यांच्यासमोर धरला. "आता तुमचं रक्त किती ते सांगा. हसून."

त्यांचा हात झटकन तोंडावर गेला. "मोबाईल खाली घे आधी!" ताईवरून सरळ एकेरीवर.

मी बटण दाबलंच नव्हतं. मला तो हात बघायचा होता. त्यांनाही चेहरा असतो तर.

मागून चाकणजवळच्या गावातल्या एक मावशी बोलल्या, "आमी बी न्हाई धरायची पाटी." एकेक पाटी खाली गेली.

संध्याकाळी पॅडचा व्हिडिओ पेजवरून गायब. दया नव्हे, मी शूटिंग केलंय ह्या भीतीनं. मी कुणाला खरं सांगितलं नाही. स्टिकर उचकटला म्हणून ठेकेदारानं मला ब्रेक दिला, म्हणजे उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेच्या दारापर्यंत घेऊन गेले. पोरं बघत होती. ती खाली मान घालूनच आत गेली, पण गेली.

त्या कागदाचं मराठी मी बायांच्या ग्रुपवर टाकलं. ज्या ग्रुपनं काम दिलं, त्याच ग्रुपवर.

परवा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये परत तसाच कागद पुढं आला. मी मोबाईलवर मराठी करून बघितलं, फोटोची ओळ पेनानं खोडली आणि सही केली. टेबलामागचा माणूस म्हणाला, "असं चालत नाही."

"मग तुमच्यापाशीच ठेवा," म्हणाले आणि उठले. काम अजून मिळालेलं नाही. पुढच्या ठिकाणीही ती ओळ मी खोडणारच आहे.