हिरवा म्हटल्याशिवाय सुई नाही

दिवेलागणीला आमच्या समोरच्या फ्लॅटमधून रोज आरडाओरडा ऐकू यायचा. "हात?" असं एक घोगरा आवाज विचारायचा आणि एक बारीक आवाज ओरडून सांगायचा, "धुतले!" "औषध?" "स्वच्छ!" "सुई?" "नवी!" "जागा?" "काल डावी मांडी, आज उजवी!" मग घोगरा आवाज जरा खाली यायचा. "सिग्नल?" या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं काही घडत नसे. खालच्या मजल्यावर नवीन आलेल्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, की वर कसली शिकवणी चालते. शिकवणी नाही हो, म्हटलं, आबा नातीला इंजेक्शन देताहेत.

आबा म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मूळचे नांदगावकडच्या एका खेड्यातले, सगळी नोकरी मनमाडला झालेली आणि म्हातारपणी मुलाकडे नाशिकरोडला आलेले. कुणी कौतुकाने 'लोको पायलट' म्हटलं की उखडायचे. "पायलट इमानात असतो. आम्ही डायवर." अंगाने हाडापेराने मोठे, दारातून आत येताना सवयीने मान खाली घालणारे. त्या उंचीचा त्यांना माज होता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण होता.

आणि त्यांची नात सानिका वर्गात सगळ्यात बुटकी. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे पोरांची वाढ मला त्यांच्या आयांच्या आधी कळते. जून आला की इमारतीतले सगळे गणवेश माझ्या मशीनवर येऊन पडतात, कुणाचा स्कर्ट आखूड झालेला असतो, कुणाची बाही काखेत काचते. सानिकाला मात्र मागच्या वर्षीचा गणवेश तसाच्या तसा बसायचा. दुसऱ्या वर्षीही बसला तेव्हा मी तिच्या आईला, वैशालीला, म्हटलं की एकदा दाखवून घे गं. वैशालीच्या मनात ते आधीपासूनच होतं. घरात आबांपुढे तिचं काही चालत नव्हतं.

"आमच्या घरात सगळे उशिरा वाढतेत," आबा ठणकावून सांगायचे. "मी रेल्वेत लागलो तवा एवढासा होतो. वर्षात पँटी आखूड झाल्या माझ्या. पोरीला उगं दवाखाने दाखवू नका, मनात न्यूनगंड बसतो." मुलगा कंपनीत शिफ्टवर जाणारा, वडिलांचा शब्द खाली पडू न देणारा. त्यामुळे वाट बघणं चालू राहिलं. पुढे सानिकाला पाळी आली तेव्हा तर घराला हायसं वाटलं. वैशालीने पुरणपोळ्या केल्या, मलाही आणून दिल्या. आबा खुशीत होते. "आता बघा सुनंदाताई, कशी सरसर वाढती ती. यंदा खाली जास्तीची माया ठेवून शिवा." मीही भाबडी, चांगली चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं.

वर्ष उलटलं तरी ते दुमडलेलं कापड तसंच राहिलं, तेव्हा कुठे वैशालीने सासऱ्यांना न विचारता पोरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. अंगात वाढीचं हार्मोन कमी तयार होतंय, म्हणाल्या, आणि तुम्ही फार उशिरा आलात. हाडांच्या टोकांशी वाढीची जागा असते, पाळी आली की ती मिटायला लागते. तुम्ही ज्याला सुरुवात समजलात तो शेवट जवळ आल्याचा इशारा होता. रोज इंजेक्शन देऊन बघू, पण फार आशा ठेवू नका.

त्या संध्याकाळी आबा माझ्याकडे आले. मशीनशेजारच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ कापडाच्या चिंध्यांकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता, म्हणून मी मशीन चालूच ठेवलं. शेवटी तेच म्हणाले, "आख्ख्या नोकरीत एक लाल सिग्नल मोडला नाय ताई. आन् घरात मोडला. सून सांगत व्हती, मी आयकलं नाय." माझा राग तिथेच गेला. पण राग जाऊन काय उपयोग होता?

इंजेक्शन देणार कोण हा प्रश्न आला. वैशालीचा हात थरथरायचा, मुलाला सुई बघूनच घाम फुटायचा. आबांना मधुमेह होता, ते वर्षानुवर्षं स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचून घेत. पण कसं? एकच सुई आठवडाभर वापरायची, शर्ट वर करायचा आणि टीव्ही बघता बघता खुपसायची. नर्सने सानिकाच्या औषधाचं पेन कसं वापरायचं ते दाखवलं, तेव्हा मात्र हा माणूस शाळेतल्या पोरासारखा पुढच्या बाकावर बसला. घरी येऊन म्हणाला, "माझं कातडं गेंड्याचं. तिचं नाय." त्या दिवसापासून सानिकाला रोज नवी सुई. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत. "घंटागाडीवरची पोरं हाताने कचरा उचलतेत, त्यांना टोचली म्हंजे?" असं म्हणत बरणी भरली की स्वतः रिक्षा करून दवाखान्यात पोचवायचे. फ्रिजमध्येही त्यांनी रूळ आखून दिले होते. सानिकाचं निळं पेन मधल्या कप्प्यात, स्वतःचं करड्या रंगाचं खालच्या, भाजीच्या डब्याजवळ. "दोन गाड्या एका लाईनीवर नको."

ती प्रश्नोत्तरं त्यांनी इंजिनातूनच आणली होती. "सिग्नल एकट्याने बघून भागत नाय," ते सांगायचे. "डायवरने मोठ्याने म्हणायचा, असिस्टंटने परत म्हणायचा. दोघांचं जुळलं तरच गाडी पुढं." इथे सानिका असिस्टंट. तिने हिरवा म्हटल्याशिवाय सुई नाही. दाबलं की लगेच पेन ओढायचं नाही, औषध बाहेर गळतं, म्हणून दोघं मिळून मनमाडपासूनची स्टेशनं म्हणायची. समिट, लासलगाव, उगाव. पोरगी चुळबुळली की आबा दटावायचे, "निफाडला उतरायचं नाय." नाशिकरोड आलं की सुई बाहेर.

एकदा तिच्या वर्गातल्या मुलींनी स्नेहसंमेलनात तिला बाळाचं काम दिलं. घरी येऊन ती धुमसत होती, मी तिथेच बसले होते. आबांनी "सिग्नल?" विचारलं, तर म्हणाली, "लाल." मला वाटलं आता म्हातारा भडकणार. आबांनी शांतपणे सुईला टोपण लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. वैशाली आतून ओरडली, "अगं काय चाललंय तुझं, आबा थांबलेत ना!" आबांनी तिलाच गप्प केलं. "लाल म्हंजे लाल. का म्हणून इचारायचं नसतं. थांबायचं." टीव्हीवरची मालिका संपली, बातम्या लागल्या, तेव्हा सानिका स्वतःच येऊन पुटपुटली, "हिरवा." हसू आणि रडू दोन्ही एकदम येतं म्हणतात, ते मला त्या दिवशी आलं.

सगळे गावी लग्नाला गेले असताना एका पुतणीने फार काळजीने सानिकाचं पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, चांगलं गार राहावं म्हणून. सकाळी औषध गोठलेलं. वितळल्यावर ते अगदी पहिल्यासारखं दिसत होतं. मुलगा म्हणाला, "आबा, एवढं महागाचं औषध, नीट दिसतंय की." आबांनी डॉक्टर बाईंना फोन लावला आणि मग पेन बाजूला काढून टाकलं. "दिसतंय जितं, पन मेलंय ते. मेलेलं औषध पोरीला टोचू काय?" नवीन यायला काही दिवस गेले. तेवढे डोस चुकले, पण भरून काढायला दुप्पट द्यायचं नाही, हेही त्यांनी विचारून घेतलं होतं. गाडी लेट झाली म्हणून वाटेल तशी पळवायची नसते, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसांत मात्र ते घरातल्या घरात फेऱ्या घालत असत.

एवढं सगळं शिस्तीत करूनही पोरगी वाढत नव्हती. दर महिन्याला आबा तिला माझ्याकडे आणायचे. "दवाखान्यातली पट्टी खोटी हाय. तुमच्या टेपने घ्या." मी माप घ्यायची. आकडा तोच. मग हळूच म्हणायचे, "टेप जरा सैल धरा की." मी एकदोनदा धरलाही. सानिका आरशात आम्हा दोघांकडे बघायची.

मग एक्सरे झाला आणि डॉक्टर बाईंनी इंजेक्शन बंद करायला सांगितलं. हाडं मिटली होती. जेमतेम दीड बोट उंची मिळाली होती, तीही बहुधा इंजेक्शन न घेता मिळाली असती. दुसऱ्या दिवशी सानिका गणवेश घेऊन एकटीच माझ्याकडे आली. "काकू, ती खालची माया कापून टाका. उगाच जड होतं." मी कात्री घेतली. कापताना माझे डोळे भरले, तिचे नाही भरले.

आबांची कामातून सुटका झाली आणि मग त्यांना विसर पडायला लागला. जेवल्याचं आठवेना, मला बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. हातातलं काही काढून घेतलं की अंगावर धावून यायचे. वैशालीने त्यांचं इन्सुलिन स्वतःच द्यायला सुरुवात केली, आता तिचा हात थरथरत नव्हता.

एक दिवस दिवेलागणीला मी ब्लाउज द्यायला गेले होते. बोलता बोलता आबा उठले, फ्रिज उघडला, पेन काढलं आणि दिवाणावर येऊन बसले. बोटांना सगळं आठवत होतं, नवी सुईसुद्धा नीट बसवली. "सानिका, ये." ती पुस्तक ठेवून समोर बसली. मी पाहिलं, पेन करड्या रंगाचं होतं. त्यांचं इन्सुलिन. धडधाकट पोरीला ते टोचलं तर साखर एकदम उतरून जिवावर बेततं हे माहीत असलेली वैशाली स्वयंपाकघराच्या दारात गोठून उभी राहिली. मी पुढे झाले, तर सानिकाने मला हाताने थांबवलं.

"हात?"

"धुतले."

"औषध?"

ती पेनकडे बघत राहिली. उत्तर न मिळताच आबा पुढे गेले. एरवी ते कधी असे गेले नसते. सुई तिच्या मांडीजवळ आणून त्यांनी विचारलं, "सिग्नल?"

"लाल, आबा."

हात जागच्या जागी थांबला. त्यांनी टोपण लावलं, पेन शेजारी ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. काही वेळाने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी विचारलं, "लय टाइम लागंल का?"

"हो आबा," ती म्हणाली. "लय टाइम." आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसली. पेन वैशालीने अलगद उचललं.

त्या दिवसापासून ते पेन माझ्या फ्रिजमध्ये असायचं. आबा रोज रिकाम्या हाताने विचारायचे आणि सानिका रोज लाल म्हणायची. मी तिला म्हटलं, आता हातात काही नसतं गं, एखाद्या दिवशी हिरवा म्हण, म्हाताऱ्याला बरं वाटेल. ती म्हणाली, "काकू, ते खरं धरतात." आबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी विचारलं होतं आणि तिने तेच उत्तर दिलं होतं. थांबलेलेच गेले ते.

परवा सानिकाला कॉलेजसाठी ड्रेस शिवला. माप घ्यायला टेप काढावा लागला नाही.