मनात धरलेले चित्र

देवाच्या कृपेचे अनुभव लोक मोठ्या उत्साहाने सांगतात. मीही ते ऐकत आले, ऐकताना डोळे पुसत आले. स्वतःचा अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा मात्र जीभ जड झाली, कारण कृपा ज्या दाराने आत आली त्याला आतून कडी मीच लावून बसले होते. ते गाळून नुसती कृपा सांगितली असती तर माझेही कौतुक झाले असते. पण मग देवाला नैवेद्य दाखवण्याआधीच ताटातले अर्धे खाऊन टाकल्यासारखे झाले असते. म्हणून सगळे सांगते.

आम्ही अमरावतीचे. मी मूळची अकोल्याची, घरात पूजापाठ आणि शिक्षकी, लग्न होऊन इथे आले. यजमान वकील, मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आमच्या घरात तिसरे माणूस म्हणजे सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. भातकुलीकडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला रोखठोक, कामाला वाघ. ऐंशी ओलांडल्यावर न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या. त्यांचे सगळे मी करत होते. कुणी पाहुणी आली की म्हणायची, "एवढं करते वो तुमची सून, नशीब काढलं." मी खाली मान घालून हसायचे. त्या हसण्याचीसुद्धा आता लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या कॉलनीच्या सभागृहात एका साधकांची प्रवचने झाली. ते सांगत, मन ज्यावर ठेवाल तेच डोळ्यांना दिसू लागते, जे दिसते त्याप्रमाणे माणूस ठरवतो, आणि ठरवतो तसे घडत जाते. म्हणून रोज सकाळी पूजा झाली की डोळे मिटा आणि एकच चित्र मनात धरा. मला ते फार पटले. माझी लेक पुण्यात, नोकरी तिथली, डॉक्टर तिथले, आणि तिचे पहिले बाळंतपण जवळ आलेले. मी चित्र धरले: पुण्याचे घर, खाटेवर लेक, तिच्या कुशीत बाळ, आणि शेगडीपाशी डिंकाचे लाडू वळायची तयारी करणारी मी.

पण मन मोठे हिशेबी. ते दोनच दिवसांत विचारू लागले, तू पुण्यात, मग इकडे आईंजवळ कोण? बाई ठेवली तर टिकत नाही. नणंद अकोल्याला, तिचीच गुडघेदुखी. यजमानांना चहासुद्धा धड येत नाही. चित्र पुरे व्हायचे तर त्यात एक जागा रिकामी व्हायला हवी होती, आणि हळूहळू ती झाली. मी ठरवून काही केले नाही, असे म्हणायचा मोह होतो. पण सकाळी देवासमोर डोळे मिटले की मला दिसायचे, आई शांतपणे गेल्या आहेत, चेहऱ्यावर समाधान आहे, उशाशी समई आहे. मी त्याला प्रार्थनाही जोडली, "देवा, त्यांना सोडव. आता हाल नकोत." शब्द किती सोज्वळ! हाल कुणाचे संपायला हवे होते, ते देवाला ठाऊक होते आणि मलाही.

त्यानंतर मला दिसू लागले ते सगळे त्याच रंगाचे. मे महिन्यातले अमरावतीचे ऊन, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. आईंचे जेवण कमी झाले. मी मनात म्हटले, अन्न सुटत चालले. त्या ग्लानीत आपल्या वडिलांना हाक मारू लागल्या. मी म्हटले, न्यायला आलेले दिसताहेत. रात्री चादर ओली होते म्हणून संध्याकाळनंतर पाणी मीच कमी देत होते, आणि ओठ सुकलेले पाहून मीच म्हणत होते की आता शरीर आटत आले. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ बेताने द्या म्हटले होते, मी ते जवळजवळ बंदच केले होते. मग त्या बोलेनाशा झाल्या. फक्त उजव्या हाताची बोटे गोधडीवर हलत राहायची. लहानपणापासून ऐकलेले होते की जाणारे माणूस पांघरूण चाळवते. माझी खात्री पटली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन मीच केला. ते गावाला गेले होते. म्हणाले, "वय झालेलं आहे, पण लगेच भरती करून रक्त तपासून घ्या." मी फोन ठेवला आणि यजमानांना सांगितले, "डॉक्टर म्हणतात वय झालेलं आहे." यजमान खुर्चीत बसले आणि रडू लागले. मी खोटे बोलले नव्हते. त्या क्षणी मला खरोखरच पुढचे वाक्य महत्त्वाचे वाटले नव्हते, ऐकूनही कानाबाहेर राहिले होते. वर मीच समजूत घातली, "आता या वयात सुया टोचून कशाला छळायचं? घरात, आपल्या माणसांत जाऊ द्या त्यांना." लोकांनी माझ्या समजूतदारपणाचे कौतुक केले.

सकाळी त्यांना जमिनीवर घेतले. आमच्याकडे रीत आहे, खाटेवर प्राण जाऊ नये. फरशीवर घोंगडी घातली, डोक्याशी तुळशीची कुंडी आणली, देवघरातल्या तांब्याच्या गडूचे झाकण उघडून चमचाभर गंगाजल त्यांच्या ओठांत घातले आणि तुळशीचे पान ठेवले. अकोल्याहून नणंद आली, दारातूनच "माय वो!" म्हणून तिने टाहो फोडला. शेजारणी आल्या. कॉलनीत महिलांचे भजनी मंडळ आहे, जाणाऱ्याच्या कानांवर नाम पडावे म्हणून दुपारी त्यांनाही बोलावून घेतले. सगळे कसे नीट चालले होते. मनातल्या चित्रातली समईसुद्धा मी घासून ठेवली होती.

मंडळात त्या दिवशी एक अनोळखी बाई होती. माझ्याच वयाची, हातात खंजिरी. मंडळातल्या एकीची बहीण, मूर्तिजापूरहून सहज भेटायला आलेली. भजन सुरू झाले. दुसऱ्या कडव्याला ती बाई खंजिरी वाजवता वाजवता एकदम आईंच्या हाताकडे पाहू लागली. भजन संपल्यावर सरकत सरकत जवळ आली आणि मला विचारले, "आजी भजनात होत्या का वो?"

मी म्हटले, "नाही. आईंना कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नाही मी."

"मग ठेका कसा काय धरून राहिल्या?"

मला समजेना. मी हलक्या आवाजात सांगितले, "ते तसं नसतं हो. शेवटी असे हात चाळवतात."

तिने खंजिरी उचलली आणि आईंच्या कानाशी संथ वाजवली. गोधडीवरची बोटे संथ झाली. मग तिने लय चढी केली. बोटेही चढली, आणि समेवर नेमकी थांबली. तिने पुन्हा तसे केले, पुन्हा तेच झाले. नणंद तोंडावर पदर धरून म्हणाली, "माय मोझरीच्या आश्रमात जायची वो लहानपणी, आजोबाच्या भजनी मंडळासंगं. खंजिरी वाजवायची. बाबाले आवडे नाही म्हणून लग्नानंतर सोडली तिनं." इतक्या वर्षांच्या संसारात मला हे माहीतच नव्हते. मी विचारलेच नव्हते.

मूर्तिजापूरच्या बाईने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत आरोप नव्हता, नुसते नवल होते. म्हणाली, "आजीले खाली काहून घेतलं वो ताई? ह्या तर ऐकून राहिल्या."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले, असे लिहायला बरे वाटेल. खरे म्हणजे आधी मला राग आला. माझे चित्र कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा राग. मग तो राग मला ओळखू आला. आई जिवंत आहेत हे ऐकून मला राग येतो? मग देवासमोर बसून मी इतके दिवस काय मागत होते? मी भिंतीला टेकले आणि यजमानांना म्हणाले, "डॉक्टरांनी भरती करा म्हटलं होतं. मी सांगितलं नाही." सगळ्यांसमोर म्हणाले. यजमान उठले, चपला न घालताच गाडी काढायला गेले.

दवाखान्यात सलाईन लागले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातले पाणी आणि मीठ पार उतरले आहे, म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात असे होते, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कठीण होते. दुसऱ्या दिवशी आईंनी डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी चहा मागितला, आणि तो अगोड आहे म्हणून तक्रारही केली. मी त्यांचे तोंड पुसत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी चमच्यानं पाणी पाजलं ना वो तू, मोठं गोड लागलं. अजून दे, अजून दे म्हणत होती मी. तोंडातून शब्दच निघे ना."

मी फडके तिथेच टाकून व्हरांड्यात गेले आणि अशी रडले की नर्सबाई धावत आल्या. मी त्यांना मोक्ष पाजत होते आणि त्यांना तहान लागली होती. तहानलेल्या माणसाला पाणी द्यावे, एवढे कळायला कुठले शास्त्र लागते? पण मला पाणी दिसतच नव्हते, मला विधी दिसत होता.

मूर्तिजापूरच्या बाईला नंतर मी फोन लावला. आभार कसे मानावे कळेना, देवीनेच तुम्हाला पाठवले असे काहीतरी बोलले. ती हसली. "मी काय केलं वो? मले तर यायचंच नव्हतं, डोकं दुखत होतं. बहीणच लय मागं लागली." तिला देवाने पाठवले की बहिणीने, यावर मी वाद घालत नाही. एवढेच जाणते की त्या खोलीत आम्ही सगळे मरण मनात धरून बसलो होतो, म्हणून सगळ्यांना तेच दिसले. एक ती भजन मनात धरून आली होती, तिला ठेका दिसला. बोटे तीच होती.

प्रवचनकार चुकीचे बोलले नव्हते. मन ज्यावर ठेवाल तेच दिसते, तसेच ठरते, तसेच घडत जाते. माझ्या हातून ते जवळपास घडलेच होते. पण त्या मनात काय ठेवावे हे मला कळते, असा माझा समज होता. तिथे मी फसले. आपल्या सोयीला प्रार्थनेचे सोवळे नेसवले की ती ओळखू येत नाही, निदान नेसवणारीला तरी नाही. आता पूजेनंतर डोळे मिटते तेव्हा कुठलेच चित्र धरत नाही. "तुझे तू पाहा, मला फक्त समोरचे नीट दिसू दे," एवढेच म्हणते. तेही रोज जमते असे नाही.

बाळंतपण विहीणबाईंनी उत्तम केले, माझ्यावाचून काही अडले नाही. पावसाळा सरल्यावर लेक बाळाला घेऊन अमरावतीला आली. एका दुपारी बाळ झोपले होते, लेक आत होती, आणि मी आईंना अंगणातल्या उन्हात चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांचे केस विंचरत होते. बरेच दिवस मनात साठलेले होते. मी त्यांच्या पाठीमागे होते, म्हणून धीर झाला. म्हटले, "आई, मी देवाजवळ तुमचं मरण मागत होते. रोज. कितीतरी दिवस."

माझ्या हातातला कंगवा थांबला. वाटले, आता या मान वळवतील आणि मला त्यांच्याकडे पाहावे लागेल.

"मीबी तेच मागत होती वो," त्या म्हणाल्या. "तुयाकडून उठवून घ्यायची, तुयाकडून धुऊन घ्यायची, लाज वाटे मले. रोज म्हणो, देवा, ने आता, पोरगी मोकळी होऊ दे."

मी कंगवा पुन्हा त्यांच्या केसांत घातला. त्या तशाच पाठमोऱ्या, उन्हाकडे तोंड करून बसलेल्या, स्वतःशीच हसल्या.

"दोघी मिळून एकच मागत होतो, पाय बरं. अन् त्यानं एकीचंबी ऐकलं नाई." मग आत पाळण्यात कुरकुर झाली तशा म्हणाल्या, "उठलं वाटते. आन त्याले इकडे, मांडीवर दे माह्या."