परत पाठवलेली बाई

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमची गावातली ड्यूटी शहापूर तालुक्यात, शेणवे गावाच्या बाजूला लागली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ट्यूटर मॅडमबरोबर आम्ही मुली घरोघर हिंडायचो, पोरांची वजनं घ्यायचो, गरोदर बायांना गोळ्या द्यायचो.

एका घराच्या पडवीत साडीचा आडोसा करून एका बाईला झोपवलं होतं. स्तनाचा कॅन्सर जखम होऊन बाहेर फुटला होता. मुंबईच्या हॉस्पिटलने आता घरीच ठेवा म्हणून परत पाठवलं होतं. वासामुळे शेजारणी यायच्या बंद झाल्या होत्या. सूनही ताट ठेवून नाकाला पदर लावून आत जायची.

हिच्यासाठी आपण काय करायचं, असं मी मॅडमना विचारलं. आमच्या पुस्तकातला रुग्ण बरा होऊन घरी जायचा. मेल्यावर शरीर कसं आवरायचं, तेही शिकवलं होतं. मधल्या माणसाबद्दल काहीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, त्यांनाही हे कुणी शिकवलेलं नाही. पण त्या तिथून हलल्या नाहीत. पाणी उकळून घेतलं, मीठ घातलं आणि आम्ही जखम धुतली. मग शहापूरच्या एका डॉक्टरांना विचारून त्यांनी जंतू मारायच्या गोळ्या आणल्या. त्या कुटून पूड जखमेवर टाकायची. काही दिवसांत वास बराच कमी झाला. सून जवळ बसून सासूचे केस विंचरू लागली.

दुखणं मात्र तसंच होतं.

मुलाने आम्हाला बजावलं होतं, आईला काही बोलू नका. गाठ काढलीय, जखम भरेल, असं त्याने तिला सांगितलं होतं. एका दुपारी मी पट्टी बांधत असताना बाईने विचारलं, “बाय, मी आता उठत नाय ना?”

मॅडम तिच्या चटईशेजारी खाली बसल्या. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला ठावं हाय गो. पन पोराला सांगू नको. तो खचंल.”

मुलगा अंगणातच होता. त्याला बोलावू का, असं मॅडमनी विचारलं. बाईने मान डोलावली. तो येऊन बसला. तिनेच त्याला आपल्या बहिणीला आणायला सांगितलं, डोळे उघडे आहेत तोवर बघू दे म्हणाली. त्याने तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि रडला. बहीण आली, आठवडाभर राहिली.

दुखण्यावरचं मोठं औषध मुंबईतच, तेही मोजक्या ठिकाणी मिळतं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा तिकडे जाऊन रिकाम्या हाताने परत आला. आमच्याकडे तापाच्याच गोळ्या होत्या, त्याच देत राहिलो. ड्यूटी संपून आम्ही परतल्यावर कळलं, बाई गेली. शेवटचे दिवस तिचं कण्हणं वाटेपर्यंत ऐकू येत होतं.

पुढच्या दशकात मी मुरबाडला नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागले. तोवर मी एका शिबिरात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी देखभाल, हा शब्द ऐकला होता. एकदा वर्गात विचारलं, जो बरा होणार नाही त्याला नर्स काय देऊ शकते? एक मुलगी म्हणाली, सलाईन. दुसरी म्हणाली, देवाचं नाव. सगळ्या मुली हसल्या, आणि मला त्यांचा राग येईना. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

तास संपल्यावर वैशाखरे गावची एक मुलगी मागे थांबली. तिच्या वडिलांच्या जिभेला कॅन्सर होता, त्यांनाही घरी पाठवलं होतं. सुट्टी असूनही ती महिनाभर घरी गेली नव्हती.

“मॅडम, घरात सगळे माझ्याकडेच बघतात. नर्स होतेय ना मी. जाऊन करू काय?”

दुखण्यावरच्या त्या मोठ्या औषधाचं तेव्हाही आमच्या भागात खरं नव्हतं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही. तोंड कसं स्वच्छ करायचं, पातळ पेज कशी भरवायची, कुशीवर कसं वळवायचं, ते आम्ही रिकाम्या वर्गात एका बाकावर करून पाहिलं. रविवारी मी तिच्याबरोबर एसटीत बसले. ती सगळी वाट खिडकीबाहेर बघत होती. घर दिसल्यावर मात्र माझ्या पुढे चालू लागली.