चुलीवरची पुस्तकं

पुस्तकांना धुराचा वास येतो, हे पहिल्यांदा माझ्या नाकाला कळलं. कळलं तरी मी गप्प बसलो.

सहावीतून शाळा सोडलेला मी माणूस. साताऱ्याकडचं गाव सोडून चांदा जिल्ह्याच्या जंगलात आलो, तो सागवानाच्या ठेकेदाराकडे मुनीम असलेल्या मामाच्या भरवशावर. मामा तापानं गेला. ठेकेदाराचं काम उठलं. तिथल्या मिडल स्कूलच्या हेडमास्तरांनी मला चपराशी म्हणून ठेवून घेतलं आणि वर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दिली. शिकवणाऱ्या मास्तरांना त्या कपाटाचा कंटाळा होता. मला मात्र ती किल्ली कमरेला लागली की आपण कुणीतरी आहोत असं वाटे. हेडमास्तरांचे उपकार मी आजही मानतो. पण उपकारानं मिळालेलं काढूनही घेता येतं, ही धास्ती तेव्हापासूनची. कुणी मॅट्रिक झालेला माणूस शाळेच्या पायरीवर दिसला तरी माझा हात कमरेकडे जाई.

जंगलातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळा होती. तिथले गुरुजी त्याच भागातले, मास्तरकीचं नॉर्मल स्कूल शिकून आलेले. त्यांच्या शाळेत पुस्तक म्हणून नव्हतं, म्हणून त्यांनी हेडमास्तरांशी बोलून ठरवलं, की बाजाराच्या दिवशी थैलीभर पुस्तकं न्यायची आणि पुढच्या बाजाराला ती देऊन दुसरी न्यायची. कुठलं पुस्तक कुठल्या वयाच्या पोराला, हे मला त्यांनीच शिकवलं. कपाटापुढे उकिडवे बसून ते पुस्तकं निवडत आणि मी पुढ्यात लावत जाई.

तर त्या थैलीतून परत आलेल्या पुस्तकांना वास येऊ लागला. कडा पिवळट, मग तपकिरी. माझ्या मनात नाही नाही ते येई. पोरं शेकोटीत धरत असतील? गुरुजी कुणा भलत्यालाच देत असतील? विचारायची हिंमत नव्हती. ते गुरुजी, मी सहावी सोडलेला. थैली आली की मी एकेक पुस्तक हुंगून बघे, फडक्यानं पुसून मागच्या रांगेत लपवी. ते पाहून गुरुजीही माझ्याकडे जरा तिरकं बघत, असं मला वाटे.

एक दिवस हेडमास्तरांनी स्वतःच एक पुस्तक काढलं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बिडी ओढत बसतोस काय रे इथं?"

मी बिडी ओढत असे, पण शाळेमागे. तसं सांगितलं, तर ते म्हणाले, दिवाळीनंतर डेप्युटीसाहेब तपासणीला येणार आहेत. त्यांनी वास घेतला तर विचारतील, हे कपाट कुणाच्या हाती दिलंय. मग मी काय उत्तर देऊ?

त्या रविवारी मी गुरुजींच्या खेड्याची वाट धरली. अंगात शाळेनं दिलेला खाकी कोट होता. तो घरी ठेवायचा असतो, एवढं कुठं सुचलं. गावात शिरलो तशा बायांनी अंगणातले बांबू चटईखाली सारले. चोरीचे बांबू धरणारा जंगलखात्याचा नाकेदारही खाकीच घालतो. गुरुजींचं घर विचारलं, तर एका म्हातारीनं मान फिरवली. शेवटी एकजण पुढं आला.

"काऊन आले भाऊ?"

"मला गुरुजींकडे जायचंय."

तिकडं 'मले' म्हणतात; माझं परक्या मुलखाचं 'मला' ऐकून त्याचा संशय पक्का झाला. चला, दावतो, म्हणाला. तळ्याच्या पाळीवरून, मोहाच्या झाडांखालून बराच हिंडवला आणि मी आलो होतो त्याच रस्त्यावर आणून सोडला. वर म्हणाला, गुरुजी बाहेरगावी गेले. तेवढ्यात गुरुजी समोरून आले. खांद्यावर मासळीचं जाळं होतं. तो माणूस मागच्या मागे निघून गेला.

मला पाहून गुरुजी हसले नाहीत.

"हेडमास्तरनं पाठवलं का तुले? माह्यावर नजर ठेवाले?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नसावं. तरी घरात नेलं आणि वर बोट केलं. चुलीवर आढ्याला बांबूची टोपली टांगलेली. तिच्या एका बाजूला मक्याची कणसं, दुसऱ्या बाजूला बियाणाचे भोपळे. टोपलीत आमच्या शाळेची पुस्तकं.

"खाली ठेवली का उधई खाते," ते म्हणाले. उधई म्हणजे आमच्याकडची वाळवी. "शाळेची भिंत मातीची. पहिली चार पुस्तकं मी माह्या पैशानं आणली होती, पुठ्ठे तेवढे राह्यले. बियाले धुरात कीड लागत नाई, मंग पुस्तकाले कशी लागन?"

मग हळू आवाजात विचारलं, "सांगशील काय तिकडं?"

सांगितलं तर सरकारी पुस्तकं चुलीवर म्हणून त्यांच्या पोरांची थैली बंद होणार. नाही सांगितलं तर माझी किल्ली जाणार. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यांनी भात वाढला. तो जेवतानाही मला वाटत होतं, हा भात मला गप्प करायला तर नसेल? असा मी.

तपासणीला आसपासचे सगळे गुरुजी बोलावले होते. डेप्युटीसाहेबांनी कपाट उघडायला लावलं. मी लपवलेली मागची रांगच त्यांच्या हाती आली. वास घेतला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, ते धैर्यानं की भीतीनं, मला आजही सांगता येत नाही.

मागून गुरुजींचा आवाज आला.

"ते माह्या घरी राहतात साहेब. चुलीवर. या पोराचा काई दोष नाई."

साहेबांनी पुस्तक उलटंपालटं केलं, पानं चाळली. एकही कुरतडलेलं नव्हतं. पुस्तकं चुलीवर ठेवणं बरोबर नाही, म्हणाले. कचेरीतून लाकडी पेटी पाठवतो, तोवर चालू द्या.

पेटी काही आली नाही. थैली जात राहिली. किल्ली माझ्याकडेच राहिली. पण माझं नाक काही सुधारलं नाही. थैली आली की मी हुंगायचोच, आणि गुरुजी बघत उभे राहायचे.

एका बाजाराला एका पुस्तकाला वासच नव्हता. मी ते त्यांच्यापुढं धरलं. कुठं होतं हे?

गुरुजी जरा ओशाळले. "माही पोरगी उशाखाली घेऊन झोपते. वर टांगूच देत नाई."

मी पुठ्ठा उलटून बघितला, शिवण बघितली, पान न् पान बघितलं. उधई नव्हती. मग ते पुस्तक तसंच त्यांच्या थैलीत परत ठेवलं.