मेणकागदातली वाडी

अख्ख्या अष्टागरात कागदाला माणसासारखी वागणूक देणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. चौलला नारळी-पोफळीची वाडी, अलिबागला मास्तरकी, असा त्यांचा जन्म सरळ चालला होता. निवृत्त झाले आणि जुन्या पद्धतीचे फोटो करण्याचं वेड लागलं. फोटो संगणकावर उलटा करायचा, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तो साध्या प्रिंटरवर छापायचा. मग त्या कागदाला गरम मेण पाजून वर इस्त्री फिरवायची, की तो आरपार दिसू लागतो. ही झाली निगेटिव्ह. ती औषध लावलेल्या दुसऱ्या कागदावर दाबून उन्हात ठेवली की निळाशार फोटो उमटतो. घरातली इस्त्री यात कामी आली आणि तेव्हापासून साडू चुरगळलेल्या सदऱ्यात हिंडतात.

सगळं अडलं होतं कागदापाशी. महागड्या गुळगुळीत कागदात मेण शिरत नाही. स्वस्तातल्या कागदाचे धागे फोटोत उतरतात आणि चांगल्या गोऱ्यागोमट्या माणसाच्या तोंडावर देवीचे व्रण दिसतात. त्यामुळे साडू अलिबागच्या दुकानात कागद उन्हात धरून बघत, कानाशी फडफडवत, हळूच जीभही लावत. दुकानदार एकदा म्हणाला, "काका, कागद घ्यायचाय का जावई बघायचाय?" काशीदच्या एका लग्नाची पत्रिका आली, तिचा पोत इतका आवडला की आतला मजकूर वाचायचा राहिला. साडू आहेर घेऊन पोचले तेव्हा मांडव सोडत होते!

पण हा खटाटोप एका फोटोसाठी होता. वादळात वाडी आडवी झाली, त्याच्या आदल्या वर्षीचा फोटो: गच्च पोफळी आणि मधोमध ताई, म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. ती झाडं ताईनेच लावलेली. वादळानंतर तिने स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडणंच सोडलं होतं. तिच्या साठीला हा फोटो द्यायचाच, असं साडूंनी मनाशी धरलं होतं आणि साठी तर तोंडावर आली होती.

अशात एका दुपारी मी गेलो. ताईने भजी तळली आणि निथळायला टेबलावरचे हाताशी लागले ते कागद घेतले. साडूंचे नमुने! साडू आत आले आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मग एकदम त्यांनी एक कागद उचलला, त्यावरची भजी माझ्या मांडीवर ओतली आणि दारातल्या उजेडात धावले.

"अगं, हा बघ! तेल कसं सारखं पसरलंय. एक ठिपका नाही!"

"भजी बरी झालीत का ते सांगा आधी," ताई म्हणाली.

तो कागद नमुन्यांतला नव्हताच, प्रिंटरबरोबर फुकट आला होता. फुकटचा म्हणून साडूंनी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

साठीच्या दिवशी निळा फोटो ताईच्या हातात आला. "छान उतरलाय," म्हणून तिने तो बाजूला ठेवला आणि निगेटिव्ह मागून घेतली. स्वयंपाकघरात गेली, मागच्या खिडकीची दारं उघडली आणि तो मेणकागद दोऱ्याने गजांना बांधला. बाहेरचं ऊन त्यातून आत आलं. जिथे नुसते बुंधे उरले होते, तिथे सगळ्या पोफळी उजेडाच्या होऊन उभ्या राहिल्या.

"अगं, उन्हात मेण पाघळेल," साडू म्हणाले.

"पाघळलं तर दुसरी करा. कागद सापडलाय ना आता?"

साडू हसले आणि इस्त्री तापत घालायला उठले.