बेरीज वाढली तो तास

अर्थशास्त्राच्या सरांना सगळी शाळा 'मागणीपुरवठा' म्हणायची, आणि सरांना हे ठाऊक नाही असा मुलांचा गोड गैरसमज होता. नववीचा पहिला तास म्हणजे सरांचा हुकमी एक्का. प्रत्येकाने दप्तरातली एक वस्तू काढायची, ती आपल्याला किती प्रिय आहे याचे दहापैकी गुण कागदावर लिहायचे, मग कुणाशी तरी अदलाबदल करून नव्या वस्तूला गुण द्यायचे. सर दोन्ही बेरजा फळ्यावर मांडत. दुसरी नेहमी मोठी निघे. "बघा! कारखाना नाही, धूर नाही, तरी वर्गाचं सुख वाढलं!" म्हणताना त्यांचा चेहरा असा खुले, जणू व्यापाराचा शोध त्यांनीच आदल्या दिवशी लावला होता.

त्या वर्षी तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची अबोल मुलगी टेबलापाशी आली.

"सर, माझं घड्याळ परत मिळेल?"

"का गं? बदल्यात काय मिळालं?"

"कंपासपेटी. नवी आहे, पण..."

"बंद घड्याळ देऊन नवी कंपासपेटी! तू तर पक्की व्यापारी निघालीस. आता सौदा म्हणजे सौदा!"

भोवतीची मुलं हसली. तीही हसल्यासारखं करून गेली.

आठवड्याने कागद रद्दीत टाकण्याआधी सरांनी सहज चाळले. आजवर त्यांनी फक्त बेरजा केल्या होत्या. कुणाचा कागद नीट वाचला नव्हता. तिच्या कागदावर घड्याळापुढे दहा होते, कंपासपेटीपुढे तीन. सरांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

घड्याळाचा शोध सुरू झाला. कंपासपेटीवाल्याने घड्याळ इयरफोनसाठी दिलेलं, इयरफोनवाल्याने सायकलच्या घंटीसाठी, घंटीवाल्याने नव्या पट्ट्यासाठी कोपऱ्यावरच्या घड्याळजीला. जो तो खूश! सरांचा धडा इतका मनावर आजवर कुणी घेतला नव्हता.

घड्याळजी ओशाळला. "मास्तर, सुटे भाग काढून वापरले. उरलेलं कालच फेकलं."

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलीला व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं.

"आत्याचं होतं," ती म्हणाली. "ती आता नाही."

"मग दिलंस कशाला, बाळ?"

"तुम्ही म्हणालात, प्रत्येकाने अदलाबदल करायचीच. दप्तरात दुसरं देण्यासारखं काही नव्हतं."

दोघांच्या राजीखुशीने होतो तो सौदा, हे वाक्य सर तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. त्याच तासाला आपण 'करायचीच' म्हणतो, हे त्यांच्या कानांवर कधी पडलंच नव्हतं. त्यांनी घाईघाईने स्वतःचं घड्याळ काढलं.

"हे घे. चालू आहे."

"नको, सर." या वेळी तिला 'नाही' म्हणता आलं.

ती वर्गात गेली. सर पट्टा भलत्याच भोकात अडकवत कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.