एक बोट जास्त

माझी उंची चार फूट सात इंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपला. लोक तोंडावर उंचीचं काही विचारत नाहीत, नुसतं वरून खाली बघतात आणि मग हळूच म्हणतात, "कितवीला आहेस बाळा?" मी छत्तीस वर्षांची आहे आणि जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत नोकरी करते.

कपड्यांचं दुखणं जुनंच. रेडिमेडच्या दुकानात मला शेवटी लहान मुलींच्या कपाटाकडेच जावं लागतं. तिथे माझ्या मापाचे कुर्ते असतात, पण त्यांच्यावर फुलपाखरं असतात. फुलपाखरू नसलं तर चमकी असते. एकदा अगदी साधा निळा कुर्ता सापडला म्हणून खुशीत घरी आणला, तर पाठीवर ससा निघाला. मोठ्या बायकांचा कुर्ता घ्यावा तर त्याचे खांदे माझ्या दंडावर येतात आणि खालून तो घोट्यापर्यंत जातो. पँटचा पाय कापल्यावर उरलेल्या कापडाची शिंपीमामा पिशवी शिवून देतात. आमच्या घरात भाजीच्या तीन पिशव्या आहेत, तिन्ही माझ्या पँटच्या कापडाच्या.

कपड्यांचं निभतं, कापता येतात. बूट कापता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर नऊ वर्षं मी कंपनीच्या लॅबमध्ये होते. ओल्या कागदात बियाणं गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवलं ते मोजायचं, हे माझं काम. एक दिवस प्लँटच्या साहेबांनी बोलावून विचारलं, प्रोसेसिंगचा फ्लोअर सांभाळाल का? फ्लोअर म्हणजे चाळण्या, प्रतवारीची यंत्रं, पोत्यांच्या थप्प्या आणि तीस-चाळीस माणसं. आमच्या प्लँटवर ते काम तोवर एकाही बाईने केलं नव्हतं. मला ते हवं होतं. लॅबच्या काचेतून मी ती यंत्रं नऊ वर्षं बघत होते, कुठली चाळणी कधी बदलायची ते मला आवाजावरून कळायचं. मी लगेच हो म्हणाले.

अट एकच होती. फ्लोअरवर सेफ्टी शूज हवेतच, पुढे बोटांवर लोखंडी वाटी असलेले. स्टोअरमध्ये सगळ्यात लहान नंबर सहा. मी दोन-दोन मोजे चढवले, पुढे कापूस कोंबला आणि कामाला लागले. तिसऱ्या दिवशी यंत्राचा लोखंडी जिना चढताना बूट पायरीवरच राहिला आणि पाय वर आला. मी धपकन शेजारच्या पोत्यांवर बसले. लागलं काहीच नाही, पण साहेब खालीच उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "उद्या तुमच्या पायाला काही झालं तर जबाबदार मी. एक तारखेला सीझन चालू होऊन राह्यला. तोवर मापाचे बूट आणा. न्हाई मिळाले तर तुम्ही लॅबमध्येच बऱ्या, दुसरा माणूस बघतो मी."

माणूस वाईट नव्हता आणि बोलला ते खोटंही नव्हतं. त्याचाच जास्त राग आला. माझ्या हाती अठरा दिवस होते.

जालन्यातली बुटांची दुकानं मी एकामागून एक पालथी घातली. एकाने शाळेचे काळे बूट पुढे केले, वरून म्हणाला, "मजबूत हायेत, पोरं फुटबॉल खेळत्यात." रोलिंग मिलच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे भट्टीवरच्या गड्यांचे बूट हायेत." मलाही दिसत होतं कुणाचे आहेत ते. मी त्याला तसं सुनावलं आणि बाहेर आले, पण पायात तीच चप्पल होती.

सुट्टीच्या दिवशी गावी आईकडे गेले. आमचं गाव वडीगोद्रीपासून जवळच. आईने सगळं ऐकून घेतलं, उठली आणि चुलीजवळच्या सरपणातून तुरीची एक सरळ काडी घेऊन आली.

"ठेव पाय," म्हणाली.

आम्ही चार भावंडं. लहानपणी बाबा शहागडच्या बाजाराला जायचे, तेव्हा चौघांना बरोबर नेणं परवडत नव्हतं. मग आदल्या दिवशी आई आम्हाला ओळीने उभं करायची. जमिनीवर तुरीची काडी, तिच्यावर पाय, टाच एका टोकाला, आणि पुढे पायाच्या मापाने काडी मोडायची. बाबा त्या चार काड्या खिशात घालून न्यायचे आणि दुकानात एकेक काडी बुटात घालून बघायचे. मात्र आई काडी कधीच अंगठ्यापाशी मोडायची नाही. अंगठ्याच्या पुढे आपलं बोट आडवं ठेवायची आणि त्याच्या पलीकडे मोडायची. "वाढतं अंग हाये," म्हणायची, "एक बोट जास्त असू दे."

बाकीच्या तिघांचे पाय वर्षभरात बुटात भरायचे. माझा बूट झिजून फाटायचा, पण भरायचा नाही. पुढच्या वर्षी आई पुन्हा एक बोट जास्त धरायची. मी चौदाव्या वर्षीच वाढायची थांबले, हे सगळ्या गावाला कळलं, तिला कळलं नाही. निदान तिने तसं दाखवलं नाही. चौतीस वर्षांची बाई मी, पण तिच्यासमोर पाय ठेवून मुकाट उभी राहिले.

ती काडी पर्समध्ये घालून मी जालन्याला परतले. मोंढ्याकडे, धान्याच्या बाजारापाशी, कारखान्यांच्या सामानाचं एक दुकान आहे, हातमोजे, हेल्मेट, बूट असलं सगळं. मालक म्हातारे, राजस्थानकडचं घराणं, पण तीन पिढ्या इथेच. त्यांनी नंबर विचारला. मी सवयीने "चार" म्हणाले आणि खात्रीसाठी काडीही काढून दिली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. आतून बायकांच्या सेफ्टी शूजचा एक जोड आणला, चार नंबरचा, आणि काडी आत घातली. अगदी नेमकी बसली. इतक्या दुकानांत बायकांसाठीही असे बूट येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाईघाईने पाय घातला, उभी राहिले आणि टाच बुटातून बाहेर आली.

शेठजींनी चष्मा वर केला. काडी जमिनीवर ठेवली आणि मला तिच्यावर पाय ठेवायला लावला. अंगठ्याच्या पुढे काडी उरली होती.

"ही काडी कोणाची?"

"माझीच."

"न्हाई बेटा. ही तुमच्यापेक्षा मोठ्या बाईची हाये. कोणी तोडली?"

"आईने."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि आता मात्र मनापासून हसले. पितळी फूटपट्टीवर माझा पाय ठेवून त्यांनी माप घेतलं. "दोन नंबर. चार न्हाई. जनमभर चार मागत आलात काय?"

"दोन नंबर येतो?"

"बिलकुल येतो. कारखान्यात बनतो. कोणी मागत न्हाई म्हणून आम्ही ठेवत न्हाई."

मी तिथल्या स्टुलावर बसले. खरं सांगायचं तर रडू येत होतं आणि ते सुटकेचं रडू होतं. जन्मभर मला वाटत आलं की माझ्या मापाचं कुणी काही बनवतच नाही, माझंच काहीतरी कमी पडतं. आणि मी एकदाही माझा नंबर मागितला नव्हता. मला तो माहीतच नव्हता.

शेठजींनी लगेच मागवले, पण बूट आग्र्याहून यायचे होते. मी एक दिवसाआड फोन करायचे. शेवटी शेठजी वैतागले, "ताई, बूट स्वतःहून चालत न्हाई येत, ट्रकमधी येतो!" एक तारखेला दोन दिवस राहिले असताना तो ट्रक आला. दुकानातच मी लेस बांधल्या. टाच हलली नाही, कापूस लागला नाही. पायाच्या बोटांना पुढची वाटी कळत होती, पण टोचत नव्हती. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

एक तारखेला त्या लोखंडी जिन्यावरून मी चार-पाच वेळा उगीचच वरखाली केलं. साहेबांनी एकदा पायांकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "दुसरी चाळणी बदलून घ्या, मॅडम." मला आधीच ऐकू आलं होतं. मी बदलायला सांगूनही आले होते.

पहिल्या सुट्टीला बूट घालूनच गावी गेले. शेठजींनी परत दिलेली काडी पर्समध्ये होतीच. आई माझ्यासमोर उकिडवी बसली आणि सवयीप्रमाणे अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघितलं. लोखंड दबलं नाही. मग तिने टाचेमागे बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही.

"जागाच न्हाई की यात," ती म्हणाली.

"न्हाई."

"आन् पाय वाढला मंग?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मला एकदम कळलं, इतकी वर्षं हिने आशा सोडलीच नव्हती. मी तिच्याजवळ खाली बसले. "आई, मी आता एवढीच."

तिने पदराने बुटावरची धूळ पुसली. "एवढी त एवढी," म्हणाली. "पर बसलाय बघ कसा बराबर." मग तिने माझ्याकडून काडी मागून घेतली, टोकाला आपलं बोट आडवं धरलं आणि तेवढा तुकडा कट्‌कन मोडला. तो चुलीत टाकला आणि माझ्या मापाची काडी छपराच्या वाशाला खोचून ठेवली.